जाडातली जाड काच

भात झोडून झालं, ज्याचं त्याच्या घरी पोचलं, की आमच्या पाड्यात घरं बंद करायची घाई सुरू व्हायची. डोळखांबच्या वरच्या अंगाला गाडीचा रस्ता जिथे संपतो, तिथून पुढे चालत गेलं की आमचा पाडा. आमची स्वतःची जमीन नव्हती. पावसाळ्यात दुसऱ्याच्या शेतात लावणी आणि कापणी, आणि दिवाळी झाली की वीटभट्टी. भिवंडीच्या बाजूला कुठल्यातरी माळावर विटांचंच खोपटं रचायचं, वर पेंढा टाकायचा आणि पावसाच्या तोंडावर परत यायचं. माझं लहानपण असं अर्धं पाड्यात, अर्धं भट्टीवर गेलं. मधल्या दिवसांत कधी भाकरीबरोबर नुसती मिरची असायची, कधी नुसती भाकरी. हे सांगताना मला लाज वाटत नाही. आमच्याकडे सगळ्यांचंच तसं होतं.

मला आठवतो तो घर बंद करायचा दिवस. आई चुलीवरून शेणाचा हात फिरवायची. मडकी पालथी घालायची. कुडाच्या भिंतीला कुठे भोक दिसलं की त्यात पेंढा कोंबायची. आणि मग एकेक वस्तू गुंडाळायला बसायची. गुंडाळण्यासारखं घरात होतं तरी काय? एक स्टीलचा तांब्या, एक आरसा, देवाची तसबीर, माझी शाळेची पाटी. पण आई त्यांना असं गुंडाळायची की जणू आम्ही कुठले जमीनदार. आधी फडक्यात, मग प्लास्टिकच्या पिशवीत, मग त्याहून मोठ्या पिशवीत. वर गाठ मारायची. ती गाठ आईलाच सुटायची, बाला, म्हणजे वडिलांना, नाही आणि मलाही नाही. मग सगळं पत्र्याच्या पेटीत जायचं आणि पेटी माळ्यावर.

आमच्या घरात प्लास्टिकची पिशवी कधी फेकली गेली नाही. मिठाची, खताची, बाजारातून काही आणलं तर त्याची, सगळ्या पिशव्या आई ओढ्यावर धुवायची आणि कुंपणावर वाळत घालायची. लांबून बघणाऱ्याला वाटायचं, घरात बाळंतीण आहे.

पुढे मी आश्रमशाळेत राहायला गेले, तेव्हा माझ्या पुस्तकांनाही हाच न्याय मिळाला. बा भातसानगरला धरणाच्या वसाहतीत कधीमधी डागडुजीच्या कामावर जायचा. तिथून रिकाम्या सिमेंटच्या गोणी आणायचा. त्यांच्या आतला खाकी कागद झटकून आई माझ्या पुस्तकांना कव्हर घालायची. तिला अक्षर येत नव्हतं. त्यामुळे कधी कधी पुस्तक उलटं धरूनच कव्हर घातलं जायचं आणि त्यावर माझं नाव घालताना मला पुस्तक फिरवावं लागायचं. पण कोपरे असे घट्ट दुमडलेले, की वर्ष संपलं तरी पुस्तक नवं. सिमेंटचा वास मात्र जायचा नाही. अजूनही कुठे बांधकाम चालू असलं आणि तो वास आला, की मला इतिहासाचं पुस्तक आठवतं.

पेटीच्या तळाशी एक लुगडं होतं. हिरवंगार, लाल काठाचं. माझ्या बारशाला मामाने आईला घेतलेलं. आईने ते कधी नेसलं नाही. सणाला म्हणायची, "ह्या सणाला नको, पुढं बघू." पाड्यातल्या लग्नाला म्हणायची, "हळदीचे डाग पडतील." मी कॉलेजला गेले तेव्हा तिने ठरवून टाकलं, "तू पास झालीस ना गो, की त्या दिवशी नेसंन."

मी पास झाले. मुरबाडच्या कॉलेजात पदवी द्यायचा कार्यक्रम होता. आमच्या सात पिढ्यांत कुणी असल्या कार्यक्रमाला गेलेलं नव्हतं, आणि इथे तर आमच्याच घरातल्या पोरीचं नाव पुकारणार होते. सकाळी आईने पेटी खाली काढली. गाठी सोडल्या. लुगडं झटकून उघडायला गेली आणि ते घडीवर फाटलं. एका घडीवर नाही, प्रत्येक घडीवर. वाळलेलं पान चुरावं तसा चुरचुर आवाज आला. कसर लागली नव्हती, उंदीर लागला नव्हता. नुसतं घडी घालून ठेवलं म्हणून ते गेलं होतं.

आईने तुकडे तसेच एकावर एक ठेवले, पुन्हा पिशवीत घातले, पुन्हा गाठ मारली. रोजचं पातळ धुतलेलं होतं, ते नेसून आली. सभागृहात मागच्या रांगेत बसली. माझं नाव पुकारलं तेव्हा मी स्टेजवरून तिला शोधलं. बा हात वर करून उभा राहिला होता. आई मान खाली घालून बसली होती. पदराखाली पातळाला ठिगळ होतं ते मला माहीत होतं. मला वाटलं, चांगल्या कपड्यातल्या एवढ्या लोकांत तिला लाजल्यासारखं झालं असेल. मी तिला कधी विचारलं नाही. पदवीचा कागद तिने माझ्या हातातून घेतला, घडी न घालता पुठ्ठ्यावर ठेवला आणि एकात एक पिशव्यांत घालून पेटीत ठेवला. लुगड्याच्या वर.

मला मुरबाडच्या एमआयडीसीत एका कारखान्याच्या स्टोअरमध्ये नोकरी लागली. आलेला माल बघून घ्यायचा, कॉम्प्युटरवर चढवायचा, मागणीप्रमाणे आत द्यायचा. मी मुरबाडला खोली घेतली. मुरबाडहून किन्हवलीमार्गे शहापूर, शहापूरहून डोळखांब, मग पुढे चालत. असा प्रवास दर आठवड्याला जमत नाही. महिन्यातून एकदा जायचे, कधी तेही नाही.

तेव्हा आईकडे बटणाचा फोन होता. त्यातलं तिला एकच काम यायचं आणि तेवढं पुरेसं होतं. दोनाचं बटण दाबून धरलं की मला लागायचा. ती बटणाकडे बघायचीसुद्धा नाही, अंगठ्यानेच चाचपायची. पाड्यात रेंज घराघरांत येत नाही. पाड्याबाहेर आंब्याखाली एक धोंडा आहे, तिथे येते. त्याला सगळे रेंजचा धोंडा म्हणतात. संध्याकाळी पाणी भरून झालं की आई धोंड्यावर जाऊन बसायची आणि मला फोन लावायची. काय बोलायची? काही नाही. आज काय रांधलं, कुणाची कोंबडी हरवली, बा कुणाशी भांडला. पण त्यातच मध्ये कुठेतरी खरं काहीतरी सांगून जायची.

तो फोन लावणीच्या दिवसांत तिच्या कनवटीतून चिखलात पडला आणि गेला.

मग शेजारच्या काकूच्या फोनवरून बोलणं सुरू झालं. काकू चांगली होती, नाही म्हणायची नाही. पण फोन लावून आईच्या हातात द्यायची आणि तिथेच उभी राहायची. त्यामुळे आईचं बोलणं बदललं. "बरी हाय." "तू बरी?" "बा बरा हाय." "ठेवते." एकदा मी विचारलं, "आई, काय झालंय? आवाज असा का?" तर तिकडून काकूच बोलली, "काय नाय झालं गो, मी बघत्ये ना तिला, चांगली टणटणीत हाय." माझ्या आईने आयुष्यात कुणाकडे काही मागितलं नाही. भट्टीवर पाण्यासाठी भांडली असेल, पण हात पसरला नाही. तिला लेकीशी दोन शब्द बोलायला दुसऱ्याचा दरवाजा वाजवावा लागत होता. ते मला बघवेना. म्हणून मी ठरवलं, आईला स्वतःचा फोन घ्यायचा, चांगला. तिला वाटेल तेव्हा, कुणी बाजूला उभं नसताना, तिने मला फोन लावावा. मला एवढंच हवं होतं.

शहापूरच्या बाजारात बाला बोलावून घेतलं. दुकानात फोन पसंत केला, आणि दुकानदाराने नेहमीचा प्रश्न विचारला.

"ताई, वर काच टाकायची का?"

माझ्या तोंडून लगेच निघालं, "टाकायचीच."

बाने काउंटरवर वाकून बघितलं. "जाड हाय का?"

"आहे की काका. ही साधी, ही मधली, आणि ही जाड."

"ह्याच्याहून जाड?"

"ह्याच्याहून जाड खिडकीला लावतात."

बा हलला नाही. "मग हीच लाव. दोन बसतील का एकावर एक?"

दुकानदार हसायला लागला. "अहो काका, मोबाईल आहे तो. इरलं कशाला घालताय त्याला?"

"इरलं घातलं म्हणून तर आमी आजवर भिजलो नाय," बा म्हणाला.

दुकानातले सगळे हसले, मीही हसले. पण मनातून मी बाच्याच बाजूची होते. आमच्या घरात जमीन दगडाची, अंगणात दगड, ओढ्यावर दगड. फोन हातातून सुटला तर खाली मऊ असं काही नाहीच. माझ्या नोकरीतून घरासाठी घेतलेली ही पहिली मोठी वस्तू होती. ती फुटलेली मला बघायची नव्हती. दुकानदाराने फडक्याने स्क्रीन पुसली, काच ठेवली, मधला बुडबुडा कार्ड फिरवून काठाकडे सरकवला. वर पाठीमागून रबरी कव्हर घातलं, ट्रकच्या टायरसारखं. बाने फोन हातात घेऊन तोलला आणि समाधानाने म्हणाला, "आता झाला वजनदार."

घरी आल्यावर आई-बाला घेऊन धोंड्यावर गेले आणि आईला शिकवायला बसले. तिला अक्षर-आकडे नकोत म्हणून मी माझा मोठा फोटो पहिल्याच पानावर आणून ठेवला होता. "ह्या फोटोवर बोट ठेव, की मला फोन लागेल."

आईने हात मागे घेतला. "तुझ्या तोंडावर बोट ठेवाचा?"

"हळूच ठेव."

"हळूच काय, तोंड ते तोंडच ना गो."

शेवटी ठेवलं. काही झालं नाही. मी ठेवलं, झालं. तिने पुन्हा ठेवलं, दाबलं, अजून दाबलं. काही नाही.

आईच्या बोटांविषयी इथे सांगायला हवं. इतकी वर्षं ओल्या मातीच्या गोळ्यांत, साच्यात, राखेत, चिखलात काम करून तिच्या बोटांची टोकं नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत आणि कडक झाली आहेत. रेषा राहिल्याच नाहीत, राहिल्या त्या भेगा. रेशनच्या दुकानात अंगठ्याचं मशीन आलं तेव्हापासून तिची दर महिन्याला परीक्षा. मशीन अंगठा घ्यायचंच नाही. मग ती अंगठा केसांत घासायची, केसांचं तेल लागलं की कधी कधी घ्यायचं. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडायचं, "म्हातारे, बाटलीभर तेल आण." आईसुद्धा हसून म्हणायची, "मशीनला माझा अंगठा आवडत नाय, त्याला गोऱ्या बाईचा पाहिजे." बहुतेक वेळा शेवटी बाचाच अंगठा चालायचा. घरी येताना मात्र ती पूर्ण रस्ता बोलायची नाही.

त्या दिवशीही तिने बोट केसांत घासलं आणि माझ्या फोटोवर टेकवलं. स्क्रीन हलली. "लागला!" बा ओरडला. मी म्हटलं, झालं काम. असं एकदोनदा करून बघितलं, एकदा लागला, एकदा नाही. मी म्हटलं, "सवयीने येईल." आणि मुरबाडला परत आले.

फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्या आठवड्यात नाही. मी लावायचे तर कधी लागायचाच नाही, कधी नुसता वाजून बंद व्हायचा. तो उचलायलाही बोट वर सरकवावं लागतं, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही. शेवटी काकूच्या फोनवरून आई बोलली. "रेंज नाय गो. आंब्याखाली पण नाय आता. तू काळजी करू नको. फोन चांगला हाय, एक चरासुद्धा पडला नाय." मला ते पटलं. आमच्याकडे रेंज जाणं म्हणजे काही मोठी गोष्ट नाही.

पुढच्या सुट्टीला मी न कळवता गेले. ऊन कलायला लागलं होतं. पाड्याच्या वळणावर आले आणि आंब्याखाली धोंड्यावर आई दिसली. माझ्याकडे पाठ होती. मी हाक मारणार, तेवढ्यात थांबले. तिच्या मांडीवर फोन होता. ती बोट केसांत घासायची, मग माझ्या फोटोवर टेकवायची. उचलायची, बघायची. पुन्हा केसांत घासायची. पदराने काच पुसायची. पुन्हा. चिडत नव्हती, घाई करत नव्हती. रुसलेल्या पोराची समजूत काढावी तशी फोटोला म्हणत होती, "लाग गो. लाग माझी बाय. एकदा लाग."

मी खोकले. आईने दचकून फोन पदराखाली घेतला.

"तू कधी आलीस? अगो, सांगायचं तरी."

"फोन लावत होतीस?"

"रेंज नाय," ती म्हणाली.

मी फोन हातात घेतला. वरच्या कोपऱ्यात रेंजच्या सगळ्या काड्या उभ्या होत्या. मी तिला ते सांगितलं नाही. तिलाही कळलं की मला कळलंय. आम्ही दोघी घरी आलो.

चार घास जेवून चहा झाल्यावर मी बाला म्हटलं, "काच जाड आहे. तिचं बोट त्याच्यातून लागत नाही. मला वाटतं, काच काढावी."

बा एकदम उठून बसला. "आणि फुटला तर? पहिल्याच दिवशी फुटंल. तुझ्या आईच्या हातातून काय पडत नाय? मागचा चिखलात घातला."

खरं सांगायचं तर माझाही जीव होत नव्हता. कारखान्यात माझ्या हाताखालून माल जातो, तो सगळा कागदात, थर्माकोलमध्ये, फुग्यांच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. फाटलेल्या गुंडाळीचा माल आला की मी परत पाठवते. माझं कामच ते. आणि इथे मी कोरा फोन उघडा करून दगडी जमिनीच्या घरात ठेवायचा म्हणत होते. मी म्हटलं, "पातळ काच मिळते. शहापूरला जाऊन तसली बसवून आणू. किंवा मग काकूला सांगू, तेवढं लावून देत जा."

काकूचं नाव निघालं आणि आईने मान वर केली.

"काच काढली तर फुटंल," ती बाला म्हणाली. "आणि ठेवली तर?"

"ठेवली तर राहील की."

"राहील. पण कशाला राहील?"

आईने माळ्याकडे बघितलं. पेटी तिथेच होती, जुन्या जागी.

"त्या लुगड्यासारखा करायचा काय ह्याचा?" ती म्हणाली.

त्या दिवसानंतर लुगड्याचं नाव आमच्या घरात पहिल्यांदा निघालं होतं. माझ्या डोळ्यांसमोर तो हिरवा कपडा आला, घडीघडीवर सुटलेला. आणि पेटीत जाऊन बसलेलं आमचं सगळं किडूकमिडूक आठवलं. एकदाही तोंड न बघितलेला आरसा. पाहुणा येईल म्हणून ठेवलेला तांब्या, ज्यातून आम्ही कधी पाणी प्यायलो नाही. आई ते सगळं जपत होती, कारण पुन्हा मिळेल याची खात्री नव्हती. तिचं चुकलं असं मी आजही म्हणणार नाही. त्या गाठींमुळेच मला वाटायचं की आपल्याही घरात काहीतरी आहे.

"फोन कुणाचा?" आईने मला विचारलं.

"तुझा."

"मग आण इकडं."

तिने फोन मांडीवर उताणा ठेवला, आधी पदराने हात पुसला. अंगठ्याचं नख काचेच्या कोपऱ्याखाली घातलं. करवंदीचे काटे काढून, भाताच्या लोंब्या खुडून ते नख चांगलं तयार झालेलं. मला वाटलं होतं काच तडकेल, मी हात पुढेही केला होता. पण तिने एका दमात उचलली. चर्र असा आवाज झाला आणि काच अख्खी तिच्या हातात आली. खालची स्क्रीन कोवळी, ओली असल्यासारखी चमकत होती.

"झाली उघडी," बा म्हणाला. जणू पोरगं थंडीत कपड्याविना फिरतंय. मग त्याने आईच्या हातातून ती काच घेतली, सदऱ्याला पुसली, एक पिशवी शोधली, काच तिच्यात घातली आणि पेटीत ठेवून आला. लुगडं, पदवी आणि मोबाईलची काच. आमच्या पेटीत आज हे तिन्ही एकावर एक आहेत.

घरात रेंज नव्हतीच, म्हणून आम्ही पुन्हा धोंड्यावर गेलो. बासुद्धा मागून आला, म्हणे मला काय, मी बघायला आलो. आई धोंड्यावर बसली. मी वळणापर्यंत चालत गेले आणि माझा फोन हातात धरून उभी राहिले.

आईचा हात सवयीने केसांकडे गेला. मग तिने तो तसाच खाली आणला आणि बोट टेकवलं. काही झालं नाही. बा काहीतरी बोलणार होता, आईने त्याच्याकडे नुसतं बघितलं, तो गप्प बसला. तिने बोट उचललं, पदरावर फिरवलं, पुन्हा टेकवलं.

माझा फोन वाजला.

मी उचलला. एवढ्या अंतरावरून मला तिचा आवाज दोनदा ऐकू येत होता, एकदा वाऱ्यावरून आणि एकदा कानात.

"हॅलो. कोण?"

"मी."

"मीच लावलाय."

"हो, तूच लावलायस."

"जेवलीस?"

"आई, आत्ता तुझ्यासमोर जेवले."

"ते झालं गो. फोनवर विचारायचं राहिलं होतं कितीक दिवस."

बा मागून ओरडला, "मला पण दे." तिने दिला नाही.

मी मुरबाडला परतले त्याच्या दुसऱ्याच दिवशी, दुपारच्या सुट्टीत डबा उघडत होते, तेव्हा फोन आला. आईचा. दुपारी ती कधी फोन करत नाही.

"आंब्याखाली कुणी नाय," ती म्हणाली. "बोलू?"

"बोल ना."

"तुझ्या कॉलेजात त्या दिवशी मी मान खाली घालून बसलेले. तुला वाटलं असंल लुगड्यापायी."

मी डबा झाकला. "मला तसंच वाटलं होतं."

"लुगड्यापायी नाय. तुझं नाव पुकारलं ना, मला हुंदका आला. एवढ्या माणसांत कसं रडायचं? वर बघितलं असतं तर मी रडलेच असते. तुझा बा हात वर करून नाचत होता, कोणीतरी नीट बसायला हवं होतं का नाय?" मग ती थांबली. "हे काकूसमोर कसं सांगायचं. म्हणून राहून गेलं."

मग तिनेच विचारलं, "भाजी काय आणलीस?" मी सांगितलं. तिने नाक मुरडल्याचं मला फोनवर ऐकू आलं.

त्याला आता बरेच महिने झाले. मध्ये एकदा तिचा फोन आला, आवाज जरा खालचा.

"फुटला गो जरासा. ओढ्यावर पडला."

"कुठे फुटला?"

"कानाकडं चीर गेली. तुझ्या तोंडावर नाय."

बाने तेव्हा काय काय ऐकवलं असेल ते मी विचारलं नाही. मागच्या वेळी गेले तेव्हा बघितलं, वरच्या कोपऱ्यापासून एक बारीक रेघ गेली आहे, केसासारखी. चुलीजवळ राहून त्यावर भाकरीच्या पिठाचे डाग पडले आहेत, कव्हरच्या खाचेत भाताचं तूस अडकलं आहे. कारखान्यात असा माल आला तर मी परत पाठवीन. इथे मी तो पदराने पुसून तिच्या हातात दिला.

आमच्या घरातली मी पहिली पदवीधर. आमच्या पाड्यातली पहिली मुलगी, जी नोकरीसाठी मुरबाडला गेली. आणि माझी आई, जिला अक्षर येत नाही आणि जिचा अंगठा रेशनचं मशीन आजही घेत नाही, ती रोज संध्याकाळी धोंड्यावर बसून, कुणाला न विचारता, स्वतःच्या बोटाने मला फोन लावते.